मिठीचं गाणं कचऱ्यापासून सुरू होत नाही : नदी-महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईत नदी-महोत्सव, स्वच्छता फेऱ्या आणि त्या निमित्तानं गीतस्पर्धा भरवणारे सर्व आयोजक, परीक्षक व प्रायोजक यांस,

स. न. वि. वि.

आमच्या गटानं मिठी नदीवर बसवलेलं गाणं तुमच्यातल्या एका मंडळींनी परत केलं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. त्या मंडळींचं नाव मुद्दाम घालत नाही. त्यांचा राग आलेला नाही असं नाही, पण दुसऱ्या कुठल्या मंचावर काही वेगळं घडलं असतं अशी खात्रीही नाही. तुम्हा सगळ्यांची पत्रकं मी वाचते. सगळ्यांत विषय तोच असतो, ‘नदी वाचवा’, आणि अटही तीच असते : वेळ तीन मिनिटं, संदेश सकारात्मक हवा.

आमच्याबद्दल थोडक्यात सांगते. मी शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त आहे, कुर्ल्यात राहते. गटात आम्ही सहा जणी आहोत. दोघी धारावी कोळीवाड्यातल्या, बाकीच्या कुर्ला-कलिन्याच्या. एरवी भजनं, मंगळागौर, हळदीची गाणी हे आमचं काम. मिठीचं गाणं मात्र आम्ही पदरचं केलं. त्याला पाच कडवी आहेत. पहिलं धरणाचं, दुसरं बांधरस्त्यांचं, तिसरं चामड्याचं आणि कारखान्यांचं, चौथं विमानतळाचं आणि बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचं. पाचवं आमचं म्हणजे काठावर राहून तिच्यात पिशवी भिरकावणाऱ्यांचं.

उत्तर आलं ते असं : पाचवं कडवं फार छान आहे, तेवढं ठेवा. पहिली चार इतिहासाची आहेत, ती प्रेक्षकांना जड जातात. चाल जरा उडती करता आली तर पाहा. आणि शेवटी आशा दाखवा.

पाचव्या कडव्याबद्दल आमची तक्रार नाही. ते आम्हीच लिहिलंय आणि ते खरं आहे. पण तेवढंच गायलं तर गाणं खोटं होतं. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण इथे प्रश्न आमच्या मानापमानाचा राहत नाही. नदीची गोष्ट कुठून सुरू करायची हे तुम्ही ठरवलंत की दोष कुणाचा हेही त्यातच ठरून जातं. गोष्ट पिशवीपासून सुरू केली तर दोषी कोण? नदीकाठच्या क्रांतीनगर वस्तीतली बाई. तिच्याकडे रोज घंटागाडी येत नाही, हा भाग गाण्यात बसत नाही.

तेव्हा आता पहिल्या कडव्यावर येते, कारण जीव तिथेच आहे.

डोंगरान जलमली माजी मिठी बाय गो,
उशाशी बांदला बांद, आता वाहील काय गो.

(माझी पुस्तकी मराठी कोळीवाड्यातल्या दोघींनी बदलून घेतली. बरंच झालं.)

अठराशे पन्नासच्या दशकात मुंबई बेट पाण्यासाठी तडफडत होतं. तोवर शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होतं. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं त्याच काळातली. तलाव बुजले, नावं उरली. गोदी वाढली, वस्ती वाढली आणि कंपनी सरकारला बेटाबाहेर पाणी शोधावं लागलं. ते साष्टीच्या डोंगरात, मिठीच्या उगमाशी मिळालं. हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरनं तिथल्या विहार धरणाचा आराखडा केला. कुलाब्याचं अफगाण चर्चही त्याच्याच आराखड्यातलं आहे, जाता जाता सांगते. १८५६ साली काम सुरू झालं आणि १८६० साली विहारचं पाणी नळानं मुंबईत आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी झालं, १८९१ मध्ये पवई. पवईचं पाणी पिण्याला फार काळ चाललं नाही. विहार आणि तुळशीचं मात्र आपण आजही पितो.

या कडव्यात आम्ही कॉनीबेअरला शिव्या घातलेल्या नाहीत. विहारचं पाणी आलं म्हणून माणसं जगली, हे मान्यच आहे. आमच्या पणज्यांनी त्याच नळावर हंडे भरले असतील. आमचं म्हणणं इतकंच, की ही नदी आपण आधी प्यायलो आणि मगच तिचं गटार केलं. हा क्रम गाण्यातून काढला, की ती जन्मापासून नालाच होती असं वाटायला लागतं. मुलांना तसंच वाटतं. मी वर्गात विचारून पाहिलंय.

धरणामुळे नेमकं काय झालं, ते कुर्ल्याला राहिल्याशिवाय पटत नाही. पावसाळ्यात विहार भरून वाहायला लागला की सगळ्या वाहिन्यांवर आनंदाची बातमी येते. ‘मुंबईकरांसाठी खूशखबर’, खाली तलावाचा फोटो. ते वरून सांडलेलं पाणी येतं आमच्याकडे. त्याच सुमाराला समुद्राला मोठी भरती असली तर इकडे बायका गादी-गोधड्या माळ्यावर चढवायला घेतात. म्हणजे नदीला तिचं स्वतःचं पाणी मिळतं ते फक्त पुराच्या रूपात. पाऊस संपला, सांडवा थांबला, की उरलेलं वर्षभर तिच्यात वरून काहीच येत नाही. मग पात्रात जे वाहतं ते शहराचं सांडपाणी. माझ्या घरून सुटलेलं, तुमच्या घरून सुटलेलं. अशा पात्रातून तुम्ही शंभर वेळा प्लास्टिक वेचलंत तरी ती नदी होणार नाही, कारण तिच्यात नदीचं पाणीच नाही. हे मी गाण्यात सांगायचं नाही, तर कुठे सांगायचं?

आकडेच हवे असतील तर विहारची क्षमता आहे २७,६९८ दशलक्ष लिटर. शहराला रोज लागतात जवळजवळ चार हजार. म्हणजे काठोकाठ भरलेला अख्खा विहार आजच्या मुंबईला जेमतेम आठवडाभर पुरेल. ज्या पाण्यासाठी नदी अडवली ते शहराच्या घशाखाली आता आठवडाभराचं. त्यातलं थोडं उन्हाळ्यात तिच्यात सोडता येईल का, पवईचं सोडता येईल का, सोडण्याआधी पवई किती साफ करावी लागेल, हे हिशेब जाणकारांनी करावेत. आम्ही गाणाऱ्या. पण हा प्रश्न महोत्सवाच्या मंचावरून कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि जे कडवं तो विचारतं त्यालाच तुम्ही कात्री लावता.

दुसरं कडवं :

शीवेला घातला बांद, माहीमला घातला पूल गो,
तोंर आवललेली खारी कशी भरील चूल गो.

हे कडवं बसवताना आमच्यात वाद झाला. शीवचा बांधरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, गव्हर्नर डंकनच्या वेळचा. त्याविषयी कुणाला काही वाटलं नाही. माहीमचा कॉजवे मात्र अवाबाईंनी, म्हणजे लेडी जमशेटजी जीजीभॉयनी, दिलेल्या पैशातून १८४० च्या दशकात झाला. १,५७,००० रुपये दिले त्यांनी, आणि अट घातली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. त्याआधी वांद्र्याला जायचं तर नाव पकडावी लागायची आणि पावसाळ्यात ती जिवावर बेतायची. अशा बाईच्या पुलाला गाण्यात बोल कसा लावायचा? गटातली एक म्हणाली, कडवंच नको. दुसरी, तिच्या सासऱ्यांनी खाडीत पाग म्हणजे मासे धरायचं जाळं टाकलेलं, ती म्हणाली, पूल चांगला आणि खाडी मेली, दोन्ही खरं आहे, दोन्ही गाऊ. तसंच केलं. अवाबाईंचा आदर ठेवून आम्ही गातो, की माणसांना वाट मिळाली आणि पाण्याची वाट अरुंद झाली.

चूळ (तिच्या बोलीत ‘चूल’) भरण्याची कल्पनाही त्या दुसरीचीच. खाडी रोज दोन वेळा भरतीनं तोंड धुते, गाळ घेऊन जाते. आधी रस्त्याचा भराव, मग रेल्वेचा भराव, मग पुन्हा पूल. एकेक अडसर आला तसा पाण्याचा जोर कमी होत गेला आणि गाळ आतच बसायला लागला. आज तोच गाळ आपण पोकलेननं काढतो, काठावर ढीग लावतो, पहिल्या सरीत त्यातला बराचसा परत आत जातो. हे दरवर्षी चालतं. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं मिठीच्या गाळउपशातल्या सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे ते होतील. ओहोटी पूर्वी जे काम फुकटात करायची त्याचं कंत्राट निघतं, इतकं तर कुणालाही दिसतंय.

तिसऱ्या कडव्यावर फार बोलत नाही, त्याची चाल मलाच अजून पसंत नाही. चामडं कमावण्याचा धंदा शहरात नको म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला धारावीकडे ढकलला गेला. धारावी तेव्हा मुंबईच्या मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक. जे डोळ्यांसमोर नको ते खाडीकाठी नेऊन टाकायचं, ही सवय तेव्हा लागली आणि पुढे कारखान्यांना, कचऱ्याला, माणसांनाही तोच न्याय लागला. धारावीला आज निसर्ग उद्यान आहे ना, तुमचे कार्यक्रम तिथे झाडांखाली छान होतात, ती जागा सत्तरच्या दशकापर्यंत कचराभूमी होती. पिंपं धुणारे आजही साकीनाक्यापासून कुर्ल्यापर्यंत काठाला आहेत. रसायनाची, तेलाची रिकामी पिंपं तिथे येतात, धुतली जातात, पुन्हा विकली जातात. एखाद्या दिवशी पात्रावर तेलाचा तवंग इतका जाड येतो की काठी घातली तर काठीला चिकटून वर येतो. पिंपं धुणारा पोरगा दिसतो. पिंप ज्या कंपनीचं आहे ती दिसत नाही, कारण लेबल आधीच खरवडलेलं असतं.

चौथ्या कडव्यानं तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलं असणार, असा माझा अंदाज आहे.

इमानाचे पोटाखाली माजी बाय दरली गो,
नागमोरी चाल तिची काटकोनान मोरली गो.

इथून पुढे इंग्रजांच्या माथी मारायची सोय नाही. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला, तिथवर ठीक. पण धावपट्टी लांबवायला नदी बाजूला सारली, काटकोनात वळवली, धावपट्टीच्या पोटातून नेली, हे आपल्या राज्यात झालं. वांद्रे-कुर्ला संकुल तर सरळ आपलंच. १९७७ साली एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, तिथलं नियोजन आलं. ३७० हेक्टरचं क्षेत्र, त्यात दलदल, तिवरं आणि खाडीचा पसारा. भर टाकली, काचेच्या इमारती उभ्या केल्या. १८६० साली साहेबानं जी नजर लावली, की ही जमीन आणि हे पाणी शहराच्या कामाचं आहे, बाकी त्याला काही अर्थ नाही, ती आपण जशीच्या तशी पुढे चालवली. गाण्यात आम्ही ‘साहेब’ हा शब्द दोनदा घेतलाय. पहिल्या कडव्यातला साहेब गोरा आहे, चौथ्यातला नाही. परीक्षकांपैकी एकांनी यावर ‘राजकीय’ असा शेरा मारला. मारू द्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्या दिवसाबद्दल मी काही नवं सांगणार नाही. या भागातल्या प्रत्येक घराला आपली गोष्ट आहे, आणि बऱ्याच घरांत भिंतीवर पाणी कुठवर आलं त्याची खूण रंगकाम करतानाही तशीच सोडलीय. मुंबईत चारशेवर माणसं गेली. त्यानंतर महिन्याभरात मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झालं, माधवराव चितळे यांची समिती बसली, अहवाल आला, पात्र रुंद केलं, खोल केलं, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. काही उपयोग झालाच नाही असं मी म्हणणार नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये कुर्ल्याला पाणी ३.९ मीटरवर गेलं आणि क्रांतीनगरच्या लोकांना पुन्हा महापालिकेच्या शाळेत हलवावं लागलं. वीस वर्षांनी तेच लोक, हातात तशाच पिशव्या.

तुम्ही म्हणाल, गाण्यानं हे सगळं सांगायचं कशाला, त्यासाठी अहवाल आहेत की. अहवाल आहेत. ते आमच्या गल्लीत कुणी वाचलेले नाहीत. गाणं मात्र हळदीला म्हटलं तर चाळीस बायका ऐकतात.

२०१८ साली मुंबईच्या चार नद्यांसाठी एक मोठं गाणं निघालं होतं, ते आठवत असेल. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा. त्यात तेव्हाचे मुख्यमंत्री दिसले, बडे अधिकारी दिसले. पुढे महिनाभर वाद झाला तो गायलं कुणी, दिसलं कोण आणि पैसे कुणी घातले यावर. नद्यांवर कुणी भांडलंच नाही. हेतू चांगला होता यावर माझा विश्वास आहे. पण ज्या गाण्यात धरण नाही, भराव नाही, धावपट्टी नाही, त्या गाण्यावर नदीच्या बाजूनं भांडायचं तरी काय? भांडायला काहीतरी बोट ठेवण्याजोगं लागतं.

आता चालीचं. ‘उडती करा’ हा सल्ला मला समजतो. कोळीगीत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ठेका येतो, कंबरेवर हात येतो. पण कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, धवला म्हणते तेव्हा वाजंत्री गप्प असते. संथ, लांब ओढीचा सूर, एकीनं टाकायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा. त्यात देवांना बोलावतात, पितरांना बोलावतात, कोण कुठून आलं ते सगळं सांगतात. आम्ही मिठीला तीच चाल लावली, कारण तिचंही कोण कुठून आलं हे सांगायचं होतं. ती दुप्पट वेगात म्हटली तर शब्द तोंडात मावत नाहीत. आम्ही करून पाहिलं. एकीला हसू आवरेना.

आणि आशेचं म्हणाल तर आशा दाखवा म्हणजे नेमकं काय दाखवू? तुमच्या पत्रकावर निळी नदी आणि उडणारे बगळे छापलेत तसं? बगळे आमच्याकडेही आहेत. गाळाच्या ढिगावर बसतात, काहीतरी मिळतं त्यांना. माहीमच्या मुखाशी तिवरं तग धरून आहेत, कोळीवाड्यातले काही जण अजूनही खाडीत उतरतात, हे पाचव्या कडव्याच्या शेवटी आम्ही घेतलंच आहे. तुमच्या नजरेतून ते सुटलं असावं, कारण तिथे आशा असा शब्द नाही.

तेव्हा आमचं मागणं असं. गाण्याला तीन मिनिटांची अट ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, ती सगळ्यांना सारखी आहे. आमचं गाणं साडेसात मिनिटांचं आहे, आम्हाला स्पर्धेबाहेर ठेवा. बक्षीस नको, प्रमाणपत्र नको, शाल तर मुळीच नको, घरी आठ आहेत. पण कडवी निवडायचं काम तुमचं नाही. घ्यायचं तर सगळं घ्या. बीकेसीच्या हिरवळीवर कार्यक्रम ठेवता त्याऐवजी एकदा कुर्ल्याला, पुलाच्या अलीकडे ठेवून बघा. तिथे वास येतो, प्रायोजक फार वेळ थांबणार नाहीत, हे ठाऊक आहे. मंचावर पाहुणे म्हणून पाणीखात्याचा माणूस बोलवा, विहारचं पाणी सोडण्याचं त्यालाच विचारता येईल. आणि विमानतळाचाही कुणीतरी बोलवा. महोत्सवाच्या व्यासपीठावर मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही.

रविवारी दुपारनंतर आम्ही सहाही जणी मोकळ्या असतो. वाद्यं लागणार नाहीत, ढोलकी तर नकोच. दोन माईक पुरतील, मागच्या चौघींना एकच चालतो. शब्दांचे कागद आम्ही झेरॉक्स करून आणू, कारण दुसऱ्या कडव्यापासून लोक मागून म्हणायला लागतात असा अनुभव आहे. फक्त तारीख कळवताना त्या दिवशीची भरती किती वाजता आहे ते आधी बघून घ्या.

कळावे,
कुर्ल्याच्या गाणाऱ्या सहा जणींच्या वतीनं,
एक निवृत्त संगीत शिक्षिका